उत्तरेकडची भिंत

एप्रिलच्या शेवटी बटाटे काढून झाले, सफरचंदांचा रस पिंपात जाऊन आंबायला लागला, आणि माझा नवरा रोसामेल शिडी घेऊन उत्तरेकडच्या भिंतीला भिडला. यात नवीन काही नव्हतं. आमच्या बेटावर पाऊस आणि वारा दोन्ही उत्तरेकडून येतात, समुद्रावरून थेट, मध्ये आडवं झाडसुद्धा नाही. म्हणून आमच्याकडचा, जगाच्या दक्षिण टोकाचा, जूनचा हिवाळा लागायच्या आत त्या भिंतीला बाहेरून ठोकलेली कुजलेली लाकडी कौलं काढून नवी ठोकायची, खिडक्यांच्या फटींत लोकर कोंबायची, चुलीचं धुराडं खरवडायचं आणि सरपण खोपीत रचायचं. एकेचाळीस वर्षं मी त्याला हे करताना बघतेय. आणि एकेचाळीस वर्षं तो यातलं काहीतरी अर्धवट सोडतोय. कधी धुराडं राहून जायचं, कधी मागची खिडकी. मग गळायला लागलं की मी पातेली मांडत फिरायची आणि तो चुलीपाशी पाय शेकत म्हणायचा, "पुढच्या वर्षी बघू गं, म्हातारे."

यंदा त्यानं काहीच सोडलं नाही. तिथूनच मला संशय यायला लागला.

आधी धुराडं झालं. मी न सांगता. मग खिडक्या. मग दाराची ती बिजागरी, जी आमच्या मुलीच्या लग्नाच्या वेळी निखळली होती. आता त्या मुलीचीच मुलगी शाळेत जाते. भिंतीवरची तर त्यानं चांगली कौलंसुद्धा उपटली आणि सायप्रसच्या लाकडाची नवीकोरी, जाड कौलं बसवायला घेतली. मी म्हटलं, "अरे, ही अजून पाच वर्षं टिकली असती."

"मला दहा वर्षं टिकायला हवीत," तो म्हणाला.

सरपणाचंही तेच. दर वर्षी लाकडं खोपीत कशीही फेकलेली असतात, वरचं ओढलं की खालची पायावर. यंदा बारीक ढलप्या डावीकडे, मधली मध्ये, जाड ओंडके उजवीकडे, एखाद्या दुकानात मांडावेत तसे. आणि एके दिवशी सकाळी मी कोंबड्यांना दाणे टाकायला बाहेर पडले तर स्वयंपाकघराच्या दारापासून खोपीपर्यंत दोरी ताणलेली. कमरेच्या उंचीवर.

"हे काय?"

"कपडे वाळत घालायला."

"कमरेएवढ्या उंचीवर? कोणाचे कपडे, कोंबड्यांचे?"

तो हसला नाही. एरवी अशा बोलण्यावर तो मला दोन ऐकवल्याशिवाय राहत नाही.

आता माझ्या डोक्यात काय आलं ते सांगते. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षांत रोसामेल दर उन्हाळ्यात मेंढ्या भादरायला पलीकडे अर्जेंटिनात जायचा. इथले सगळेच पुरुष जायचे. चार महिने म्हणून गेलेला तो एकदा चौदा महिन्यांनी उगवला. प्रत्येक वेळी जायच्या आधी तो घर असंच नीट करायचा, दारं, खिडक्या, सरपण, सगळं. मला बरं वाटावं म्हणून. मला ते कधीच बरं वाटलं नाही. हातोडीचा आवाज म्हणजे तो चालला. त्याचा धाकटा भाऊ तिकडेच स्थायिक झालेला, गेल्या महिन्यात त्याचा फोन आला होता आणि रोसामेल तो घेऊन अंगणात गेला होता. मी काय समजायचं? तो बाहेर असताना मी माळ्यावर चढून जुनी बॅग जागेवर आहे का ते बघून आले. होती. बॅगेवर बोटभर धूळ होती.

मग दुसरं मनात आलं. माणूस जायच्या आधीही घर आवरतो, कायमचं जायच्या आधी. मी त्याचं खोकणं मोजायला लागले. ताटात किती टाकतो ते बघायला लागले. जेवण तर चांगलं चाललं होतं.

शेजारच्या ओतिल्याकडे मन मोकळं केलं. ओतिल्या म्हणजे आमच्यापेक्षा दहा वर्षांनी मोठी, विधवा, आणि बेटावरची कुठलीही गोष्ट जिला दोन दिवस आधी कळते अशी बाई. ती माझ्यावरच उसळली. "नवरा काम करत नाही म्हणून चाळीस वर्षं रडलीस. आता करतोय तर पोटात दुखतंय होय?" आणि तिनं एकदम कोंबड्यांचा विषय काढला. मला तेव्हाच कळायला हवं होतं. ओतिल्यानं स्वतःहून विषय बदलला, असं कधी झालं नव्हतं.

मेच्या पहिल्या आठवड्यात मोठी ओहोटी होती. मी शिंपले काढायला किनाऱ्यावर निघाले. माझा रेनकोट खांद्यावर फाटलेला, म्हणून वाटेत ओतिल्याचा लाल रेनकोट मागून घेतला. तासाभरात पाऊस वाढला आणि मी अर्धीच बादली घेऊन परत फिरले. वर घरापाशी आले तेव्हा रोसामेल शिडीवर होता. बादलीचा आवाज ऐकून त्यानं मान वळवली आणि सरळ माझ्याकडे बघितलं.

"आलात का ओतिल्याबाई? बरं झालं. ती किनाऱ्यावर आहे तोवर जरा बघा, ही ओळ सरळ आलीय का?"

मी त्याच्यापासून बारा पावलांवर उभी होते. भर दुपार होती. रेनकोटाची टोपीसुद्धा डोक्यावर नव्हती.

मला वाटलं, थट्टा करतोय. पण तो तसाच वाट बघत राहिला, डोळे बारीक करून, माझ्या डोक्याच्या थोडं बाजूला बघत. मी भिंतीकडे पाहिलं. त्याच्या आजवरच्या कौलांच्या ओळी मी पाहिल्या आहेत. सुताराला लाजवतील अशा. ही ओळ उजवीकडून निघून डावीकडे जाईपर्यंत वीतभर खाली उतरली होती. तिच्या खालची तशीच. त्याच्या डाव्या अंगठ्याला मळकं फडकं गुंडाळलेलं होतं, आणि त्यावर रक्ताचा डाग.

"बोलत का नाही? इतकी वाकडी आहे?"

"डावीकडे वीतभर खाली गेली आहे," मी म्हणाले.

माझा आवाज ऐकला आणि त्याचा हातोडीचा हात तसाच खाली आला. मग एकेक पायरी पायानं चाचपत खाली उतरला. बादली खाली ठेवायचं मला सुचलं नाही. शिंपल्यांचं पाणी माझ्या बुटात गळत होतं.

"कधीपासून?" मी विचारलं.

"नाताळापासून. आधी वाटलं, चष्मा बदलायला हवा. आता उजव्यानं नुसता उजेड कळतो. डाव्यानं, बटाटे उकळताना खिडकीची काच कशी होते, तसं. कोणीतरी आहे एवढं दिसतं. कोण ते नाही."

"आणि ओतिल्याला सांगितलंस. मला नाही."

"तिला सांगावं लागलं. तिच्या कुत्र्यावर पाय दिला मी."

आम्ही आत आलो. चुलीजवळच्या बाकाकडे त्यानं पाठ केली आणि टेबलापाशी उभा राहिला, तेव्हा माझ्या लक्षात आलं की कित्येक आठवड्यांत तो त्या बाकावर बसलेला नाही. तो बाक त्याच्या वडिलांचा. माझे सासरे, बाउतिस्ता, साठीत असताना आंधळे झाले आणि एकोणीस वर्षं तिथे बसून राहिले. शेवटची बारा वर्षं मीच त्यांना भरवलं. रोज सकाळी मी चूल पेटवली की ते विचारायचे, "वारा कुठला आहे, पोरी?" मी सांगायचे. पुढे दिवसभर त्यांना विचारण्यासारखं काही उरायचं नाही. तेव्हा बेटावर डॉक्टर येत नसत. लोक म्हणायचे, त्या घराण्यातच आहे ते. त्यांच्या चुलत्यालाही झालं होतं.

"मला अंधाराची भीती नाही," रोसामेल म्हणाला. "पण ही भिंत कोण करणार? तू? पोरगी तिकडे दक्षिणेला, जावयाला हातोडी कुठून धरतात तेही माहीत नाही. म्हटलं, दिसतंय तोवर एकदा अशी करून टाकू की दहा वर्षं कोणाला बघायला नको."

"आणि ती दोरी?"

"ती माझ्यासाठी. सरपण तरी मीच आणीन. नुसता बसून राहणार नाही मी."

मी खुर्चीत बसले. आता खरं सांगितलं तर विचित्र वाटेल, पण मला आधी हसू आलं. इतके दिवस छातीवर बसलेलं काहीतरी उठून गेलं. "मला वाटलं, तू मेंढ्या भादरायला चाललास," मी म्हणाले. "मी माळ्यावर जाऊन तुझी बॅग बघून आले."

"सदुसष्टाव्या वर्षी? आता मेंढ्याच मला भादरतील!"

आणि तोही हसला. मग मी रडले, मग त्याच्यावर ओरडले, तेही मनसोक्त. घर काय त्याच्या एकट्याचं आहे? शिडीवरून पडून मान मोडली असती तर दहा वर्षं टिकणाऱ्या भिंतीचं मी काय लोणचं घातलं असतं? त्यानं सगळं ऐकून घेतलं. ओरडून घसा बसला तेव्हा मी शिंपले उकडायला टाकले.

दुसऱ्या दिवशी सकाळी शिडीवर मी चढले. एकेचाळीस वर्षांत त्यानं मला दुसऱ्या पायरीच्या वर जाऊ दिलं नव्हतं. तो खाली शिडी धरून उभा राहिला आणि एकेक कौल हातात घेऊन वर द्यायला लागला. प्रत्येक कौलावरून तो अंगठा फिरवायचा, कडेनं नख ओढायचा, आणि दहातलं एखादं बाजूला टाकायचा. "यात गाठ आहे. हे दोन हिवाळ्यांत चिरेल." मी डोळ्यांनी बघितलं असतं तरी मला ते कधी कळलं नसतं.

"खिळा तिरका मारू नकोस."

"तुला दिसतंय का?"

"ऐकू येतंय."

आठ दिवसांत आम्ही भिंत पुरी केली. त्याच्या वाकड्या ओळी तशाच ठेवल्या, कारण आभाळ भरत चाललं होतं आणि वाकडी असली तरी ती घट्ट होती. माझ्या हाताला फोड आले, खांदे भरून आले, आणि एकदा वरून मला ओतिल्याच्या अंगणात ती कोंबड्यांशी भांडताना दिसली, तेव्हा मी वरूनच तिला हाक मारून म्हटलं, "पुढच्या वेळी माझ्या नवऱ्याची गुपितं लपवायची असतील तर रेनकोट दुसऱ्याला देत जाऊ नका!" ती दोन दिवस आमच्याकडे फिरकली नाही. मग बटाट्याच्या भाकऱ्या घेऊन आली.

याच दिवसांत मी बेटावरच्या दवाखान्यात जाऊन आले. तिथे मारिबेल नर्स असते, एकटीच. महिन्यातून एकदा डॉक्टरांची बोट येते. मारिबेलनं वही उघडली. "मावशी, या खेपेला डोळ्यांची डॉक्टरीण येतेय खरी, पण यादी केव्हाच भरली." मग माझ्या चेहऱ्याकडे बघून तिनं पेन उचललं. "पण यादी माझ्याच हातात आहे ना. मंगळवारी या."

रोसामेल जायला तयार होईना. "ती डॉक्टरीण पोरगी मला काय नवीन सांगणार? माझ्या बापाचं काय झालं ते मी बघितलंय."

मला त्याचं मन कळत होतं. जोवर कोणी तोंडावर सांगत नाही तोवर आशेला थोडी जागा उरते. पण मी म्हटलं, "येणार नसशील तर मी आत्ता ती दोरी कापते. मग बस बाकावर."

तो तयार झाला. पण मंगळवारी बोट आली नाही. सोमवारपासूनच उत्तरेचा वारा सुटला होता, बंदर बंद झालं होतं, आणि तीन दिवस पाऊस आडवा पडत राहिला. पत्र्यावर इतका आवाज की एकमेकांशी ओरडून बोलावं लागायचं. मी सवयीनं पातेली काढून मांडली. ती कोरडीच राहिली. खिडकीच्या फटीपाशी मेणबत्ती धरली, ज्योत हलली नाही. चूल भरून आवाज करत होती, धूर सगळा वर जात होता, आणि घरात कुठेच ओल नव्हती. असा हिवाळा मी या घरात कधी बघितला नव्हता. तरी आम्हा दोघांनाही त्याचा आनंद घेता येईना. तो दर तासाला उठून दाराशी जायचा, कान लावून ऐकायचा आणि सांगायचा, "अजून उत्तरेचाच आहे." तिसऱ्या दिवशी मी त्याला म्हटलं की आता एकदाही वाऱ्याचं नाव काढलंस तर मी तुला त्याच वाऱ्यात उभा करीन.

शुक्रवारी वारा पडला आणि बोट आली.

डॉक्टरीण खरोखरच पोरगी होती, कुरळ्या केसांची, बोटीनं जीव नकोसा केलेला, चेहरा पांढराफटक. तिनं त्याला खुर्चीत बसवलं, डोळ्यांत थेंब घातले, खोलीत अंधार केला आणि छोटासा दिवा घेऊन कितीतरी वेळ बघत राहिली. एक डोळा, दुसरा, पुन्हा पहिला. मी भिंतीला टेकून उभी होते आणि मारिबेलच्या टेबलावरच्या कापसाच्या बोळ्यांकडे बघत होते. अजून मला ते बोळे आठवतात.

"काका," ती शेवटी म्हणाली, "तुम्हाला कोणी सांगितलं, तुम्ही आंधळे होणार म्हणून?"

"माझ्या बापाला झालं होतं."

"तुम्हाला मोतीबिंदू आहे. दोन्ही डोळ्यांत. उजव्यातला चांगलाच पिकलाय, म्हणून त्यातून फक्त उजेड दिसतो. डोळ्याचा दाब ठीक आहे. मागचा पडदा डाव्या डोळ्यात जेवढा दिसतोय तेवढा चांगला आहे. कास्त्रो शहरातल्या हॉस्पिटलात ऑपरेशन करू. आधी उजवा, मग महिन्यानं डावा. एका डोळ्याला वीसेक मिनिटं लागतात."

रोसामेलनं आवाजाच्या दिशेनं मान वळवली. तिला वाटलं, त्याला कळलं नाही, म्हणून तिनं पुन्हा मोठ्यानं सांगितलं, "तुम्हाला दिसायला लागेल, काका!"

"ऐकलं मी," तो म्हणाला. मग त्यानं विचारलं, "माझ्या बापाचंही हेच असेल का?"

तिनं विचारलं, कशी गेली त्यांची नजर? दुखायचं? नाही, मी म्हणाले, कधीच नाही. हळूहळू धुकं आल्यासारखं. शेवटी डोळ्यातलं काळं कसं दिसायचं? मी बारा वर्षं त्या चेहऱ्याला भरवलं होतं. "दुधासारखं," मी म्हणाले.

त्या पोरीनं हातातला दिवा टेबलावर ठेवला. "न बघता सांगता येत नाही," ती हळूच म्हणाली. "पण असू शकतं."

बाहेर आलो. ऊन पडलं होतं, ओलं, नुकतं धुतलेलं. धक्क्यावर उलट्या करून ठेवलेल्या एका होडीवर रोसामेल बसला आणि दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून रडला. मी त्याला त्याच्या बापाच्या मयतालाही रडताना पाहिलं नव्हतं.

"एकोणीस वर्षं, म्हातारे," तो म्हणाला. "आणि वीस मिनिटांचं काम."

मी त्याच्या शेजारी बसले. त्याचं रडं ओसरलं तसा तो मोठमोठे श्वास घ्यायला लागला, डोंगर चढून आल्यासारखे, आणि मग एकदम म्हणाला, "भूक लागली." सकाळपासून त्यानं काही खाल्लं नव्हतं. मीही नाही. घरी जाऊन आम्ही डुकराचं मांस आणि बटाटे असे खाल्ले, जसं काही लग्नघरच. जेवण झाल्यावर तो त्या बाकावर आडवा झाला आणि दिवेलागणीपर्यंत घोरत पडला. पुन्हा पाऊस लागला होता. मी विणकाम घेऊन बसले होते आणि विणत नव्हते. पाऊस भिंतीवर आपटत होता आणि बाहेरच राहत होता, आणि घोरण्याचा तो आवाज, ज्यावरून मी जन्मभर भांडले, मला ऐकतच राहावासा वाटत होता.

जुलैत उजवा डोळा झाला, ऑगस्टमध्ये डावा. दुसऱ्या वेळी परत आलो तेव्हा बेटावर गारा पडून गेल्या होत्या आणि चढणीवर चिखल होता. मी त्याचा दंड धरायला गेले तर त्यानं मला झटकलं आणि माझ्या पुढे चालायला लागला.

तेव्हापासून मला घरात शांतता नाही. तो सगळं वाचतो. मोठ्यानं. चहाच्या डब्यावरचं, काडेपेटीवरचं, साबणाच्या कागदावरचं, जुन्या वर्तमानपत्रावरचं, जे मी कपाटात अंथरलं होतं. माझ्या ब्लाउजच्या आतली पट्टीसुद्धा त्यानं वाचली आणि मला सांगितलं की मी तो गेली वीस वर्षं चुकीच्या पाण्यात धुतेय. काल मी पावाची कणीक मळत होते. तो पिठाच्या पोत्यापाशी उकिडवा बसला आणि गिरणीचं नाव, वजन, गाव, सगळं वाचत खाली आला. मग थांबला.

"म्हातारे, हे पीठ मार्चमध्ये संपायला हवं होतं. मुदत गेलीय याची."

"आणि आपण पाच महिने तेच खातोय."

त्यानं पोत्याकडे बघितलं, मग परातीतल्या कणकेकडे, मग माझ्याकडे.

"मग मळ," तो म्हणाला. "मी काही वाचलंच नाही."